दत्त मंदिराच्या एक स्टॉप अलीकडे

आमच्या पिंपळगावहून नाशिक ते किती लांब! तासाभरात माणूस पोचतो. त्याचं कोणी प्रवासवर्णन लिहितं का, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या गल्लीतल्या बायका दुबईला जाऊन येतात आणि फोटो दाखवून मोकळ्या होतात, आणि मी सहा दिवस नाशिकला राहून आले तर मला सांगता सांगता दिवस पुरेना. शेवटी म्हटलं, लिहूनच काढावं. ज्याला वाचायचं तो वाचेल, मला भाकऱ्या तरी करता येतील.

आधी आमच्या ह्यांची ओळख करून देते. हे एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते. नाशिक जिल्ह्यातला एक रस्ता असा नाही की ज्याचे खड्डे ह्यांना नावानिशी माहीत नाहीत. रिटायर झाले आणि काचबिंदूनं डोळे खाल्ले. आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं. तेव्हापासून दोन वर्षं हे ओट्यावरच्या खुर्चीत. बाहेर जायचं तर मी मनगट धरून न्यायची, आणि माझे गुडघे असे की दोन घरं ओलांडली की मलाच धरायला कोणीतरी लागे.

मुलगा प्रशांत पुण्याला, सातव्या मजल्यावर. तो म्हणाला, "आई, बाबांना एकट्याला उंबरा ओलांडता येत नाही, तुला चालता येत नाही. उन्हाळ्याच्या आधी घर बंद करा आणि इकडे या." पोराचं चुकलं नाही. पण त्या दिवशी ह्यांनी ताट तसंच सरकवलं. म्हणाले, "सातव्या मजल्यावर ओटा नसतो." बास, एवढंच.

माझ्या बहिणीची मुलगी वैशाली नाशिकरोडला राहते, शाळेत शिकवते. तिनं शोधून काढलं की शालिमार चौकाजवळ एक केंद्र आहे, तिथं न दिसणाऱ्या माणसांना शहरात एकट्यानं फिरायला शिकवतात. बोलणारा फोन, बोलणारा सिग्नल, बोलणारी बस, सगळं. सोमवार ते शनिवार, राहायची सोयही तिथंच. आणि शनिवारी परीक्षा: केंद्रातून निघायचं, बस पकडायची, दत्त मंदिरच्या स्टॉपवर उतरून वैशालीच्या घरी यायचं. एकट्यानं. प्रशांतला फोन केला तर तो म्हणाला, "बाबा एकटे पोचले तर पुण्याचा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही पोचले तर तुम्ही काढायचा नाही."

म्हणजे सहा दिवसांवर आमचं घर लागलं होतं.

सोमवार, एसटीतून आणि पहिला तास

नाशिकला जाताना हे खिडकीशी. डोळे मिटून बसलेले, पण उजवा पाय चालू! पुढं गाडी हळू झाली की ह्यांचा पाय फळीवर दाबला जायचा. "थर्डला टाक, थर्डला," असं पुटपुटत होते. इंजिनाच्या आवाजावरून सांगायचे, "ओझर आलं बघ." आणि खरंच ओझर असायचं. मी म्हटलं, तुम्हाला कशाला हवं केंद्र? तर म्हणाले, "गाडी मला दिसते. रस्त्यावर उतरलो की काय नाय दिसत."

केंद्रात शिकवायला तेजश्री मॅडम. वय असेल तिशीचं, जन्मापासून डोळ्यांनी अधू, आणि चालते अशी की आपण मागं पळावं. तिनं पहिल्याच तासाला मला झापलं.

"काकू, तुम्ही काकांना कसं धरता?"

"असं, मनगटाला."

"बकरी बाजाराला नेतात तसं?"

मी मनगट सोडलं. हे मात्र दोन वर्षांत पहिल्यांदा हसले. तेजश्रीनं मला पुढं उभं केलं आणि ह्यांचा हात माझ्या कोपरावर ठेवला. "आता तुम्ही पुढं, ते अर्धं पाऊल मागं. तुम्ही वळलात की त्यांना आपोआप कळतं. ओढायचं नाही. आणि रस्त्यावर कोणीही न विचारता हात धरला तर काकांनी सांगायचं, आधी विचारा."

हे आपल्याकडं कसं जमायचं, सांगा! आमच्या बाजारात आंधळा माणूस दिसला की चार जण चार बाजूंनी ओढतात, आणि त्याला जायचं नसलं तरी रस्ता ओलांडून देतात. मीही तेच केलं आजवर. पुण्य समजून.

पण कोपर धरूनही हे जागचे हलेनात. तेव्हा मला आठवलं. एसटीत कंडक्टरनं दोन घंट्या दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी काढत नाही. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तीस वर्षांची सवय ती. मी ह्यांच्या हातावर दोन बोटांनी टकटक केलं. लगेच पाऊल पडलं! तेजश्री म्हणाली, "हे काय केलं?" मी म्हटलं, "डबल बेल दिली."

मंगळवार, बोरांची गाडी

मंगळवारी ह्यांना एक काठी दिली. साधी पांढरी काठी नाही, मुठीत यंत्र असलेली. पुढं काही आडवं आलं की ती हातात गुरगुरते. खाली पिवळ्या उंचवट्याच्या फरश्या. तुम्हीही पाहिल्या असतील नव्या फुटपाथवर आणि माझ्यासारखंच वाटलं असेल की शोभेला आहेत. तर नाही. लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे चालत राहा, गोल बटणांची म्हणजे थांब. पायानं वाचायची असतात ती. मी इतकी वर्षं त्यांच्यावर चपला झटकत होते.

हे निघाले एकटे, आम्ही मागं. छान चालले होते. आणि एकदम काठी दोनदा गुरगुरली, गुर्र गुर्र, आणि हे थांबायचं सोडून तरातरा पुढं गेले ते थेट बोरांच्या हातगाडीवर! बोरं सगळ्या रस्त्यात.

गाडीवाला ओरडला, "अरे चाचा, देख के चलो ना!" आणि मग ह्यांच्या काठीकडं पाहून त्याचा चेहरा बोराएवढा झाला. "माफ करा चाचा, तोंडातून गेलं."

तेजश्रीनं विचारलं, "काका, काठी गुरगुरली ना? मग थांबला का नाहीत?"

हे चिडून म्हणाले, "डबल बेल दिली तिनं! डबल बेलला थांबणारा ड्रायव्हर दाखवा मला एक!"

काय सांगू, तेजश्री भिंतीला टेकून हसत राहिली. मग तिनं तिथंच काठीचं यंत्र उघडून बदल केला. अडथळा आला की एकच लांब गुरगुर, आणि वाट मोकळी झाली की दोन छोट्या. म्हणाली, "दहा जणांना ही काठी शिकवली, असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माणसाला यंत्राची सवय लावत बसण्यापेक्षा यंत्रालाच माणसाची लावलेली बरी."

आम्ही सगळे मिळून बोरं गोळा केली. गाडीवाल्याला विचारलं, बाबा, या पिवळ्या पट्ट्यावर गाडी का लावतोस? तो म्हणाला, "मला वाटलं, हातगाड्यांसाठी जागा आखून दिली आहे. पिवळा पट्टा म्हणजे आपली लाइन!" खोटं बोलत नव्हता हो तो. कोणी सांगितलंच नव्हतं त्याला. लाखाच्या फरश्या बसवल्या आणि बोरवाल्याला एक वाक्य सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्याची गाडी पट्ट्याच्या पलीकडं होती, आणि त्यानं शेजारच्या रसवाल्यालाही हलवलं होतं. वर ह्यांना रोज मूठभर बोरं. घेतली नाहीत तर रागवायचा.

बुधवार-गुरुवार, बोलणारा खांब आणि मुकी बस

शिकवायला एक चौक नेमलेला होता, तिथल्या सिग्नलच्या खांबाला बटण. दाबलं की खांब टक... टक... करतो, आणि गाड्या थांबल्या की टकटक भराभर होते आणि आतली बाई म्हणते, "आता रस्ता ओलांडा." चौकातला पानवाला सांगत होता, "मावशी, दिवसभर हिचं ऐकून मी गिऱ्हाइकाला पण म्हणतो, थांबा!" पण ह्यांना तो खांब फार आवडला. बुधवारी तो रस्ता ह्यांनी सात वेळा ओलांडला. काम काही नव्हतं. नुसतंच इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी पानवाल्याच्या स्टुलावर बसून बघत होते, आणि मला आपलं उगाच भरून येत होतं. शाळेतून सुटलेलं पोर बघावं तसं.

फोनवर एक सोय अशी की रस्त्यात अडथळा लागला तर नुसतं बोलून नोंदवायचा, म्हणजे मागून येणाऱ्याला फोन आधीच सावध करतो. ह्यांनी एका दुपारी केबलची लोंबती वायर, उघडं गटार, फुटपाथवर चढवलेल्या तीन मोटरसायकली आणि एक झोपलेलं कुत्रं एवढं नोंदवलं. तेजश्री म्हणाली, "काका, कुत्रं उठून जाईल." हे म्हणाले, "जाईल तेव्हा खोडा."

गुरुवारी बस. आणि तिथं सगळं बिघडलं.

बस नवी, विजेवर चालणारी. माझ्या गुडघ्यांना विचाराल तर मी तिची आरती ओवाळीन. स्टॉपवर आली की एका अंगाला वाकते, म्हातारा माणूस लवून नमस्कार करतो तशी, आणि आपण रस्त्यावरून पाऊल उचललं की आतच. अपंगांसाठी केलं म्हणतात, पण माझ्यापुढं पोटुशी बाई तशीच चढली आणि मागं पोत्यासकट भाजीवाली. केलं एकासाठी आणि सोय सगळ्यांची झाली.

पण हे आत गेले ते दांडा घट्ट धरून उभे.

"अगं, गाडी चालू हाय का उभी?"

"चालू आहे की. द्वारका चौक गेला आत्ताच."

"गियर कुठंय हिला? इंजिन कुठंय?"

काही नव्हतंच. ना गियर, ना घरघर. ज्या आवाजावर ह्यांनी आयुष्य काढलं तो आवाजच काढून घेतला होता. बसमध्ये स्टॉपची नावं सांगणारी बाई होती, पण ह्यांचा तिच्यावर विश्वास बसेना. पुढं दोन स्टॉपवर आम्ही उतरलो. हे बाकावर बसून म्हणाले, "प्रशांतला सांग, येतो म्हणावं."

मी ह्यांना कोपर दिला आणि उठवलं. समोर मिसळीचं दुकान होतं. नाशिककर मिसळीबरोबर दही आणि पापड देतात, आमच्याकडं नुसता पाव आणि डोळ्यात पाणी. पहिल्यांदाच असं झालं की मिसळ पुढं आली आणि ह्यांनी रस्सा मागितला नाही.

शुक्रवार

शुक्रवारी तेजश्रीनं ह्यांना काहीच शिकवलं नाही. त्याच बसमध्ये बसवून शालिमार ते नाशिकरोड तीन फेऱ्या मारल्या. म्हणाली, "काका, इंजिन विसरा. रस्ता तोच आहे ना? तुमच्या बुडाला काय सांगतो ते बोला."

पहिल्या फेरीला ह्यांनी दांडा सोडला नाही. दुसऱ्या फेरीला म्हणाले, "इथं गाडी डावीकडं कलली." तिसऱ्या फेरीला बोलायचेच थांबेनात. "दत्त मंदिरच्या अलीकडच्या स्टॉपवर रस्त्याला डावा कल हाय. आमच्या वेळेपासून हाय. तीनदा डांबर टाकलं असेल, कल तसाच. आणि दत्त मंदिरला गाडी सरळ उभी राहते, कपातला चहा हलत नाय."

तेजश्री म्हणाली, "हे मला माहीत नव्हतं. रोज येते मी." आणि खरोखर तिनं ते आपल्या फोनवर बोलून ठेवलं.

शनिवार, परीक्षा

ठरलं असं की मी आदल्या रात्रीच वैशालीकडं जायचं आणि घरी वाट बघायची. मी शब्द दिला होता. आणि दिलेला शब्द मी मोडला, हे इथं कबूल करते. सकाळी वैशाली शाळेत गेल्यावर मी गुपचूप शालिमारला गेले. हातातल्या काचेच्या बांगड्यांना रुमाल गुंडाळला, म्हणजे किणकिण नको. हे स्टॉपवर आले. एका कानात फोनचं बोंडूक, दुसरा कान रस्त्याला मोकळा. एका माणसानं हात धरला, तर म्हणाले, "आधी विचारा, राव." तो विचारता झाला, "कुठं जायचंय?" मग ह्यांनी त्यालाच विचारलं, "ही नाशिकरोडची ना?" आणि पुढच्या दारानं चढले. मी मधल्या दारानं.

बसमध्ये गर्दी. हे पुढं बाकावर, मी मागं खांबाला धरून. द्वारका आली, गेली. मधे मधे माणसं उभी राहत, ह्यांची टोपी दिसायची, नाहीशी व्हायची. मी मनात म्हणत होते, दत्त महाराजा, तुझ्याच दारात उतरायचंय, तेवढं बघ.

आणि बाई बोलली, "दत्त मंदिर."

झालं! मी धडपडत दाराशी आले. कॉलेजच्या चार मुली उतरत होत्या, त्यांच्या लोंढ्याबरोबर मी खाली. म्हटलं, हे पुढच्या दारानं उतरतील, मी लांबून बघीन. वळून पाहते तर पुढच्या दारातून कोणीच नाही. दार मिटलं. बस निघाली, आणि ती मेली निघताना आवाजसुद्धा करत नाही!

मुलींतली एक म्हणाली, "अय्या, हे दत्त मंदिर नाहीये." दुसरी म्हणाली, "एक स्टॉप आधीच सांगितलं तिनं."

आपण चुकीचं उतरलो हे नंतर सुचलं. आधी एकच सुचलं: बाईचं यंत्र एक स्टॉप पुढं पळतंय. मग ह्यांना दत्त मंदिरला ती पुढच्या स्टॉपचं नाव सांगणार, हे बसून राहणार, आणि थेट नाशिकरोड स्टेशनवर जाऊन पडणार, त्या गर्दीत. मी फोन लावला. उचलेनात. पुन्हा लावला. उचलेनात. तेव्हा तर मला आमच्या ओट्यावरची रिकामी खुर्चीच दिसायला लागली, आणि घराला लावलेलं कुलूप. मुली म्हणत होत्या, "आजी, पाणी घ्या," आणि मी पाण्याची बाटली हातात धरून उभी.

पाच मिनिटं गेली असतील. मला वाटलं तासच गेला. फोन वाजला.

"अगं, कुठं हायेस?"

"मी? मी वैशालीकडं. घरी."

"घरात एवढे हॉर्न?"

मी फोनवर पदर धरला.

"दत्त मंदिरच्या अलीकडं उतरलीस ना? तिथंच उभी राहा. पुढची गाडी येईल ती धर. बाई काय बोलते ते ऐकू नको. गाडी डावीकडं कललेली असली तर बसून राहा. सरळ उभी राहिली की उतर. मी स्टॉपवर हाय."

आणि ठेवला. मी साठी उलटलेली, दोन्ही डोळ्यांनी धडधाकट बाई, आणि मला न दिसणाऱ्या माणसानं फोनवरून बसमध्ये बसवलं! पुढच्या गाडीत मी खिडकीतून बघितलंसुद्धा नाही. डोळे मिटून बसले, काय कळतं बघू म्हणून. आणि बस सरळ उभी राहिली, ते खरंच कळलं हो.

हे स्टॉपवर गोल बटणांच्या फरशीवर उभे होते. काठी सरळ, टोपी सरळ, जणू डेपोत हजेरी द्यायला आलेत.

"फोन का उचलला नाहीत?" मी रडकुंडीला आलेली.

"उतरताना फोन घ्यायचा नाय, मॅडमचा नियम हाय. आणि तू काय करत होतीस बसमध्ये?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"निलगिरीचं तेल. आख्ख्या बसला तुझ्या गुडघ्यांचा वास होता, बाई बोलली आणि वासच उतरून गेला."

मग ह्यांनी सगळं सांगितलं. बाई 'दत्त मंदिर' म्हणाली तेव्हा ह्यांच्या कानातला फोन म्हणत होता, अजून पुढं. दोन यंत्रं भांडत होती. हे म्हणाले, "मग मी तिसऱ्या साक्षीदाराला विचारलं. गाडी डावीकडं कलली होती. बसून राहिलो." पुढच्या स्टॉपला उतरताना ड्रायव्हरला म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, तुमची बाई एक स्टॉप पुढं पळतेय. डबल बेलच्या आधी निघाली वाटतं." ड्रायव्हर म्हणाला, "काका, सकाळपासून लोक उलटसुलट उतरतायत, मला कळेना का. तुम्ही कोण?" "मी पण ड्रायव्हरच, रं." त्यानं लगेच यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं आणि ह्यांना उतरेपर्यंत गाडी वाकवून धरली.

तेवढ्यात प्रशांतचा फोन आला. ह्यांनीच घेतला.

"बाबा, पोचलात?"

"मी पोचलो. तुझी आई वाटेत सांडली होती. सापडली."

मग प्रशांत म्हणाला, "बाबा, आंब्यांच्या दिवसात आम्हीच येतो तिकडं." पुण्याचा विषय त्यानं काढला नाही, आम्हीही नाही.

वैशालीचं घर तिथून गल्लीतलं चौथं. ऊन वाढलेलं, माझे गुडघे बोलायला लागलेले. हे म्हणाले, "धर, माझा कोपर धर."

मी धरला. अर्धं पाऊल मागं राहिले, शिकवलं होतं तसं. बांगड्यांवरचा रुमाल सोडून टाकला. ह्यांनी काठी पुढं टाकली, आणि दुसऱ्या हातानं माझ्या बोटांवर दोनदा टकटक केलं.

आम्ही निघालो.